नव्या तुरुंगाच्या जागेवर एक चूल

मे महिन्यात सोलापूरला हौसेनं कुणी जात नाही. मीही गेले नव्हते, मला पाठवलं होतं. पुण्यातलं आमचं मंडळ म्हणजे मोजकी तरुण पोरं, एक सायक्लोस्टाइल यंत्र आणि भरपूर संताप. आणीबाणी उठून वर्ष होऊन गेलं होतं. तुरुंगातून सुटलेले पुढारी आता खुर्च्यांवर बसले होते आणि प्रत्येकाच्या भाषणात तुरुंगसुधारणा होती. आत असताना त्यांना वर्तमानपत्रं मिळत, एकमेकांची सोबत मिळे. चोरीमारीच्या आरोपाखाली वर्षानुवर्षं खटल्याची वाट बघत पडलेल्या माणसांचं काय, हे विचारायला मात्र कुणाला सवड नव्हती. ते आम्ही विचारत होतो, पत्रकांतून.

अशात कळलं, की सोलापूरला नवा तुरुंग बांधायचं घाटतंय. नकाशा तयार आहे, जागा ठरायची आहे. मंडळाचं ठरलं, की कुणीतरी जाऊन नकाशा बघावा, संडास कुठे, खिडक्या केवढ्या, दवाखाना आहे का, ते विचारून यावं. सगळ्यांत धाकटी मी, आणि सगळ्यांत मोठ्यानं भांडणारीही मीच. झोळी उचलली आणि निघाले.

लिंबाखाली

उतरले होते आमच्या ओळखीच्या एका शिक्षिकेकडे. पुण्यात पाहुणा आला की आपण आधी विचारतो, "चहा घेणार का?", आणि विचारण्याच्या सुरातच उत्तर असतं. इथे कुणी काही विचारलं नाही. आधी तांब्याभर पाणी आलं, मग कडक भाकरी, आमटी, शेंगाची चटणी आणि दही. भाकरी पापडासारखी कडाकडा मोडायची. मी ती पहिल्या घासाला चुकून आमटीत न बुडवता खाल्ली आणि टाळू सोलून घेतला. बाई हसल्या. म्हणाल्या, "पुण्याच्या दातांना वेळ लागतो." दुपारी सगळं गाव दारं लावून गप्प झालं. रस्त्यावर उरलो मी, एक टांगेवाला आणि त्याचं घोडं. घोडं शहाणं होतं, ते सावलीत उभं होतं.

गावातला जुना तुरुंग मी बाहेरूनच पाहिला. आत जायची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. भिंतीला लागून एक लिंबाचं झाड, आणि झाडाखाली बायका. मांडीवर डबे, डब्यांना फडकी बांधलेली. खटला चालू असलेल्या, शिक्षा न झालेल्या कैद्याला घरचा डबा देता येतो. दरवाजाशेजारी एक छोटी खिडकी आहे. ती दुपारी उघडते, शिपाई डबा घेतो, तारेनं आमटी ढवळून बघतो, भाकरी दुमडून बघतो आणि आत देतो. रिकामा डबा संध्याकाळी त्याच खिडकीतून बाहेर येतो.

महादेवी मला तिथे भेटली. माझ्याहून फार तर चारपाच वर्षांनी मोठी असेल. अक्कलकोट रोडच्या एका टॉवेलच्या कारखान्यात ती सुताच्या कांड्या भरते. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन येते, संध्याकाळी घरी जाताना रिकामा घेऊन जाते. नवरा सिद्राम त्याच कारखान्यात मागावर होता. संपात मारामारी झाली, पोलिसांनी सापडेल त्याला धरलं, त्यात हा. जामीन राहायला कुणी उभा राहिना. वर्ष उलटलं, तारखा पडतायत.

मी माझं कार्य सांगितलं. तिला ते फारसं पटलं असं दिसलं नाही.

"तुमी पुन्याहून आलाव, ते आतला संडास बगायला?" तिनं विचारलं.

"हो. म्हणजे नव्या तुरुंगाचा. नकाशात."

"बगा की. चांगलं हाय." मग शेजारच्या म्हातारीकडे वळून ती कानडीत काहीतरी म्हणाली आणि दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. म्हातारीचं नाव नरसम्मा. विड्या वळणारी, घरात तेलुगू, बाहेर सगळ्या भाषा. तिचा मुलगा आत होता.

संध्याकाळी मी पुन्हा गेले. खिडकी उघडली, डबे बाहेर आले. महादेवीनं डबा घेतला, झाकण उघडलं आणि आत बघत उभी राहिली. मला वाटलं, काही चिठ्ठी आहे. काही नव्हतं.

"भाकरीचा कडेचा भाग ठेवलाय," ती म्हणाली. "म्हंजे दाड दुकतीया. आमटी सगळी गेली, म्हंजे पोट बरं हाय. मागल्या म्हैन्यात आमटी तशीच येत हुती. मी साहेबाच्या पाया पडून डागदर बोलवायला लावला."

"आणि सगळं चाटूनपुसून आलं तर?"

"तर त्यानं खाल्लं न्हाय. दुसऱ्याला दिलं. डब्यातला कांदा कदी खात न्हाय त्यो मानूस."

भेट मिळते ती आठवड्यातून एकदा, जाळीपलीकडून, सगळे एकदम ओरडतात आणि कुणाला काही ऐकू येत नाही. त्याहून डबा बरा. डबा खोटं बोलत नाही, असं नरसम्मा म्हणाली. तिच्या मुलाचा डबा त्या दिवशी जसाच्या तसा परत आला होता, आणि ती तो मांडीवर घेऊन कितीतरी वेळ लिंबाखाली बसून राहिली.

नकाशा

बांधकामाच्या ऑफिसात मी भांडायच्या तयारीनं गेले. प्रश्न पाठ केले होते. उपअभियंता कोकणातला तरुण माणूस होता, उन्हानं रापलेला, शर्ट पाठीला चिकटलेला. त्यानं मला बसायला खुर्ची दिली, टेबलावरचे कप उचलले आणि निळ्या छपाईचा नकाशा पसरून चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवली.

बराकींना दोन्ही बाजूंनी झरोके होते. संडासांना भिंती होत्या, पुरुषभर उंच. दवाखाना होता, त्यात डॉक्टरला वेगळी खोली. बायकांचा विभाग वेगळा, त्याला वेगळं अंगण. उंच धुराड्याचं स्वयंपाकघर होतं, हातमागाची शेड होती, एवढंच काय, वाचनालयही होतं. मी विचारावं आणि त्यानं पेन्सिलीनं दाखवावं. भांडायला आलेल्या माणसाला प्रत्येक प्रश्नाचं बरं उत्तर मिळत गेलं, की त्याला फार थकायला होतं. पंखा गरगरत होता, नकाशाची टोकं फडफडत होती.

शेवटी मी विचारलं, "भेटीला आलेल्या बायका कुठे थांबणार?"

"भेटीची खोली आहे ना. ही बघा, दुसऱ्या दरवाजाच्या आत."

"आत सोडेपर्यंत? बाहेर?"

"बाहेर म्हणजे?" त्यानं नकाशाच्या कडेकडे पाहिलं. कडेला जीप उभ्या करायची जागा होती, तिच्यावर पत्रा होता. बायकांसाठी काही नव्हतं.

"आणि डब्याची खिडकी?"

"डबा नाहीच ठेवलेला, ताई. सगळ्यांना सरकारी जेवण. समान." मग जरा संकोचून म्हणाला, "तुमच्याच मंडळाचं पत्रक आलं होतं ना आमच्याकडे? श्रीमंत कैद्याला घरचं जेवण आणि गरिबाला कदान्न, हा भेदभाव बंद करा. मुद्दा योग्य होता."

योग्य होताच. ते पत्रक मी लिहिलं नव्हतं, पण हातोहात वाटलं होतं. मी गप्प बसले, आणि ज्यांनी मला ओळखलं आहे त्यांना कळेल की ही साधी गोष्ट नव्हती.

जागेचं त्यानं सांगितलं ते असं. एक जागा कोर्टाच्या मागे, सरकारी गोदामाचं मोकळं मैदान. अडचणीची, पण गावात. दुसरी मोहोळच्या रस्त्याला, हमरस्ता सोडून बरंच आत, मोकळा माळ. नकाशा माळासाठीच काढला होता. अडलं होतं ते पाण्यावर. बोअर घेतली होती, पाणीही लागलं होतं; पण ते पिण्याजोगं आहे की नाही त्याचा निकाल आला नव्हता. परवा मोठे साहेब स्वतः बघायला येणार होते. पाणी चांगलं असेल तर माळ पक्का, नाहीतर गोदामाचं मैदान.

संध्याकाळी लिंबाखाली मी हे सांगितलं. मग महादेवी म्हणाली, "माळावर? तितं यस्टी तरी जातीया का? मी सुट्टीत कशी जानार नि कशी येनार?"

"डबाच बंद आहे तिथे," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू मीच बंद केला. मला वाटतं तिनं ते बरोबरच ओळखलं असावं.

"त्या माळाचं पानी खारं हाय," ती एकदम म्हणाली. "माझी आत्या दिलीया की तितल्या वस्तीवर. हिरीच्या पान्यात डाळ शिजत न्हाय म्हनून बायका लांबनं घागरी आनत्यात. आख्ख्या पंचक्रोशीला म्हाईत हाय."

"साहेबाला न्हाय म्हाईत," नरसम्मा म्हणाली. "साहेब बाटली भरून नेतोय. बाटलीत काय कळतंय? चूल मांडा त्याच्या म्होरं. डाळ घाला."

दोन दिवसांत पहिल्यांदा मला तरतरी आली. हे आमच्या कामाचं होतं! मी तशीच उठले आणि एका छापखान्यात गेले. छापखानेवाला तेलुगू होता, त्यानं मथळा दोनदा वाचला आणि चष्मा पुसला. मथळा असा : 'ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, त्या पाण्यावर माणसं ठेवणार का?' सकाळी पत्रकांचा गठ्ठा हातात होता. शाई वाळली नव्हती. डाळ आधी घरी त्या पाण्यात शिजवून बघावी, असं आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नाही. माझ्या तर नाहीच. आमच्याकडे आधी छापायची पद्धत आहे. पण महादेवीच्याही आलं नाही. आख्ख्या पंचक्रोशीला जे माहीत आहे ते कोण तपासायला जातंय?

माळ

एसटीनं फाट्यावर सोडलं. पुढे चालत. पाचसहा बायका, डोक्यावर पातेलं, काखेत जळणाला तुराट्यांचा भारा, फडक्यात डाळ, मीठ-मिरची आणि भाकऱ्या. महादेवीनं कारखान्यात खाडा केला होता. माझ्या डोक्यावर पत्रकं. ऊन असं होतं, की बोलायलाही कुणी तोंड उघडत नव्हतं. माळ म्हणजे नुसता मुरूम, मधूनमधून एखादी बोराटी. चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर रेघा मारल्या होत्या. मी नकाशा पाहिलेला, म्हणून मला त्या कळल्या. ही बराक, हा दवाखाना, ही बाहेरची भिंत. बायका रेघांवरून सरळ चालत गेल्या. भिंतीतून आरपार.

"इथे स्वयंपाकघर आहे," मी दाखवलं.

"मग हितंच मांडू की चूल," नरसम्मा म्हणाली, आणि तीन दगड गोळा करायला लागली.

जीप आली. मोठे साहेब उतरले, पिकल्या केसांचे, डोक्यावर टोपी, हातात छत्री. मी पत्रक पुढे केलं आणि पाठ केलेलं भाषण सुरू केलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, पत्रक वाचलं, घडी करून खिशात ठेवलं.

"डाळ कुठली?" त्यांनी महादेवीला विचारलं.

"तुरीची. घरची."

"घाला मग. माझी आईसुद्धा नवीन विहिरीचं पाणी असंच बघायची." आणि ते पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसले. उपअभियंता माझ्याकडे न बघता बोअरचं पाणी पातेल्यात ओतून गेला.

तुराट्या भडकन पेटतात. पाण्याला उकळी आली, फेस आला, महादेवीनं तो काढून टाकला. आम्ही सगळ्या चुलीभोवती बसलो. माणसं डाळ शिजण्याची वाट बघतात; आम्ही ती न शिजण्याची बघत होतो. थोड्या वेळानं तिनं पळीवर डाळ घेतली आणि दोन बोटांत दाबून पाहिली. टणक होती. नरसम्मानं मला कोपरानं ढोसलं. मी पत्रकांच्या गठ्ठ्यावर हात ठेवला.

पुन्हा उकळी, पुन्हा पळी. या वेळी महादेवीनं बोटं दाबली आणि तशीच धरून ठेवली. मी वाकून पाहिलं. दाणा फुटला होता.

पंचक्रोशीला माहीत होतं ते वरवरच्या विहिरीचं पाणी होतं. बोअर पार खोल खडकात गेलेली होती.

नरसम्माला सगळ्यांत आधी कळलं. तिनं इकडेतिकडे पाहिलं, कंबरेच्या पिशवीतून चिंचेचा गोळा काढला आणि हळूच महादेवीच्या मांडीवर टाकला. चिंच आधीच पडली की डाळ दिवसभर उकळली तरी आणखी मऊ होत नाही, हे माझ्यासारख्या स्वयंपाक न येणारीलाही आईनं शिव्या देऊन शिकवलेलं होतं.

"टाक," म्हातारी कुजबुजली. "कोन बगतंय?"

साहेब शेडमध्ये होते, अभियंता पाठमोरा. बघत होते ती मी. आणि मी काय म्हणावं? खरेपणावर मी कितीतरी पत्रकं काढली आहेत. मी म्हणाले, "टाका, महादेवी. लवकर."

तिनं चिंच हातात घेतली. क्षणभर मला वाटलं, पडली. मग तिनं ती परत नरसम्माच्या पदरात टाकली.

"शिजाय लागलीया, आजी. शिजाय लागलेलं आन्न कसं नासवू?"

"आगं, नवऱ्याचा इचार कर!"

"त्याचाच करतीया. मी डाळ करून त्याला नेनार हाय दुपारी. कच्ची नेऊ?"

नरसम्मानं कपाळावर हात मारला आणि तेलुगूत काहीतरी पुटपुटत तुराट्या सारल्या. महादेवीनं खाली वाकून फुंकर घातली. मग ती मन लावून डाळ करू लागली. हळद, मीठ, मिरची. चिंच तिनं शेवटी नरसम्माकडूनच मागून घेतली आणि वेळ झाल्यावर घातली. पळीनं घोटली तेव्हा पातेल्यात एकही दाणा वेगळा दिसेना. ती उठली, शेडपाशी गेली आणि स्वतःच म्हणाली, "शिजली, साहेब."

साहेबांनी भाकरीबरोबर खाल्ली. दुसऱ्यांदा मागून घेतली. अभियंत्याला म्हणाले, "छान. मग हीच जागा," आणि तो मान डोलावून लिहू लागला.

एवढ्यात महादेवी बोलली. "साहेब, पानी चांगलं हाय. मी न्हाय म्हनत न्हाय. पर हितं डब्याची खिडकी न्हाय म्हनं."

"गरज नाही, बाई. इथे सगळ्यांना चांगलं जेवण मिळेल. डाळसुद्धा अशीच शिजेल."

"शिजंल की. पर त्यो जेवला का न्हाय, मला कोन सांगनार?"

साहेबांनी घास खाली ठेवला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी नकाशा मागवला, जीपच्या पुढच्या भागावर पसरला, आणि दरवाजाच्या भिंतीवरून बोट फिरवलं. "इथे खिडकी काढता येईल?" त्यांनी विचारलं. अभियंता म्हणाला, "काढता येईल, साहेब. पण डबाच बंद आहे. तो नियम वरून बदलायला लागेल."

"पाहू," साहेब म्हणाले.

सरकारात 'पाहू' म्हणजे काय, ते मला माहीत आहे. महादेवीला माहीत नव्हतं. तिनं हात जोडले.

खिडकी

उपअभियंत्यानं आम्हाला जीपमधून गावात सोडलं. उरलेली डाळ आणि भाकरी महादेवीच्या डब्यात होती, डबा मांडीवर, वर दोन्ही हात. पत्रकांचा गठ्ठा माझ्या पायांशी होता आणि खड्ड्याखड्ड्याला उघडून उडत होता. एकदा अभियंत्यानं गाडी थांबवून उडालेली पत्रकं गोळा करून आणून दिली. म्हणाला, "ताई, खिडकीचं मी नकाशात पेन्सिलीनं काढून ठेवतो. म्हणजे नियम बदलला तर भिंत फोडायला नको." मला त्याच्याशी भांडायचं होतं. मी त्याचे आभार मानले.

खिडकी बंद व्हायला आली होती. शिपायानं डाळ तारेनं ढवळली, हुंगली, आणि आत दिली.

दुसऱ्या दिवशी मला परतायचं होतं, म्हणून संध्याकाळी मी मुद्दाम थांबले. रिकामे डबे आले. शिपाई महादेवीला म्हणाला, "तुझा नवरा विचारत होता, आज डाळीत काय घातलंस? एवढी चांगली कधी झाली नव्हती म्हणाला. उद्याही अशीच आण म्हणाला."

महादेवीनं झाकण उघडलं. भाकरीच्या कडासुद्धा खाल्ल्या होत्या. मग डबा उलटा करून तिनं तळाला लागलेली डाळ बोटानं निपटली, चाखली, आणि मला विचारलं, "माळावरचं पानी आनायचं तर फाट्यापर्यंत शेवटची यस्टी कितीला असती, ओ ताई?"

मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, विचारून सांगते.